‘तुम्ही या फिरून, मी बसते इथे’

कुटुंबासह सहलीला गेल्यावर हे वाक्य हमखास कानी पडते. आजी ते सहजपणे म्हणतात आणि मुलेही तितक्याच सहजपणे मान्य करतात. वास्तविक आजींना अनेकदा फिरणे नको नसते, पायऱ्या नको असतात. म्हणूनच श्रीनगरला हाऊसबोटीत राहण्याचा बेत आखताना बोटीच्या नक्षीकामाआधी तिच्यापर्यंत जाण्याची वाट पाहावी.

दल सरोवरातील बहुतेक हाऊसबोटी गाठण्यासाठी शिकारा लागतो. डुलत्या शिकाऱ्यात उतरणे व त्यातून बोटीच्या पायरीवर पाऊल टाकणे गुडघे दुखणाऱ्यांना अवघड जाते. दिवसातून चार वेळा ही कसरत करावी लागली, की दुसऱ्या दिवसापासून आजी ‘बसतात’. निगीन सरोवराच्या काठालगत आणि झेलम नदीत राजबाग परिसरात जमिनीवरून फळी ओलांडून आत जाता येईल अशा हाऊसबोटी आहेत. मात्र नदीच्या बंधाऱ्यावरून खाली उतरायला पायऱ्या असू शकतात. त्यामुळे खोली ठरवण्यापूर्वीच प्रवेशाची वाट, कठडा आणि न्हाणीघराचा उंबरठा यांची छायाचित्रे मागवून घ्यावीत.

हाऊसबोट म्हणजे देवदाराच्या लाकडाचे, काठाशी बांधून ठेवलेले घर. डोगरा राजवटीत परकीयांना काश्मिरात जमीन विकत घेता येत नसे. त्यामुळे इंग्रज पाण्यावर राहू लागले आणि ही घरे वाढली. छतावर खातमबंद, म्हणजे लाकडाचे लहान तुकडे एकमेकांत गुंतवून साधलेली नक्षी असते. पलंगावर पडल्यापडल्याही ती पाहता येते.

राजबागेतून शहर हळूहळू पाहता येते. सकाळी कांदुराच्या, म्हणजे भट्टीवाल्याच्या दुकानाशी जावे. तंदुरातून गरम गिर्दा निघत असतो आणि मोहल्ल्यातील माणसे रोटीबरोबर बातम्याही घेऊन जातात. उन्हे वर आली की बंधाऱ्यावरून थोडे चालावे. जवळच १८९८ मध्ये स्थापन झालेले श्री प्रताप सिंह संग्रहालय आहे. दुसऱ्या दिवशी रिक्षाने जुन्या शहरात जावे. काश्मिरीत कदल म्हणजे पूल. अमीरा कदल, हब्बा कदल, फतेह कदल, झैना कदल अशी पुलांचीच नावे वस्त्यांना मिळाली आहेत. संस्कृतातील वितस्ता ती हीच नदी. फतेह कदल आणि झैना कदल यांच्या मधोमध, उजव्या काठावर खानकाह-ए-मौला आहे. तिचे लाकडी काम व रंगीत पेपरमॅशी बाहेरून पाहिली तरी मन निवते. एका दिवशी एकच वस्ती पाहावी आणि दुपारी बोटीवर परतून विश्रांती घ्यावी.

काही पथ्ये आवश्यक आहेत. मिठाचा गुलाबी नून चहा आग्रहाने दिला जातो. रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास तो घोटभरच चाखून केशर-वेलचीचा काहवा घ्यावा. मधुमेह असेल तर तो बिनसाखरेचा सांगावा. वसंतातही रात्री गारठा असतो. खोलीत बुखारी वा कांगडी असल्यास हवा खेळती ठेवावी आणि निजण्यापूर्वी ती विझवावी, कारण बंद खोलीतील धूर व विषारी वायू जिवावर बेततो. रात्री उठावे लागणाऱ्यांसाठी मंद दिवा चालू असावा. श्रीनगर सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे, तर गुलमर्ग त्याहून जवळपास हजार मीटर उंच. हृदयाचा वा श्वसनाचा विकार असलेल्यांनी तेथे जाण्याचा निर्णय आधी डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. नेहमीची औषधे दोन दिवस पुरतील इतकी अधिक घ्यावीत व ती हातातील पिशवीतच ठेवावीत.

शेवटची सूचना सोबत जाणाऱ्यांसाठी आहे. कोठे जायचे हे सकाळी आजीआजोबांना विचारावे. रोटी कोणती घ्यायची, हेही त्यांनाच ठरवू द्यावे. मग एखाद्या संध्याकाळी त्या बोटीच्या सज्जात शाल पांघरून ‘मी बसते इथे’ म्हणाल्या, तर खुशाल बसू द्यावे. तेव्हा ते बसणे पायऱ्यांच्या धाकाने नसेल, समोरची नदी पाहण्यासाठी असेल. जमल्यास आपणही त्यांच्याजवळ बसावे.