मोहरीच्या उशीमागची गोष्ट

सदर, नागपूर

चि. सौ. चिमी हिस,


बाळासाठी सदरहून पाठवलेल्या पिशवीत मोहरीची उशी नाही आणि धुरीचे सामानही नाही. पाठवायच्या वस्तूंच्या यादीत दोन्ही होती, आणि नागपूरकडच्या जुन्या घरांत बाळंतिणीची खोली त्यांच्यावाचून पुरी मानली जात नसे. त्यामुळे ती वगळण्याचे कारण आणि त्यांच्यामागची गोष्ट येथे सविस्तर मांडणे योग्य ठरते. बाळ परदेशात आहे, आणि तेथील दवाखान्याच्या पत्रकात ‘उशी नको’ एवढेच दोन शब्द असतात. त्या दोन शब्दांमागचे कारण समजले, तर आजीच्या मायेचा अव्हेर केल्याची रुखरुख बाळाच्या आईच्या मनात राहत नाही.

मोहरीची उशी म्हणजे जुन्या मऊ लुगड्याची वीतभर खोळ, आणि तिच्यात निवडून, उन्हात वाळवून सैलसर भरलेली मोहरी. दाणे गोल व गुळगुळीत असल्यामुळे डोक्याच्या भाराने ते बाजूला सरकतात, मध्ये वाटीसारखा खळगा पडतो आणि त्या खळग्यात टेकलेले डोके मागून चपटे न होता गोल राहते, अशी तिच्यामागची समजूत आहे. या समजुतीत एक महत्त्वाची साक्ष दडलेली आहे. डोके मागच्या बाजूने चपटे होण्याची भीती उताण्या झोपणाऱ्या बाळालाच असते; म्हणजे ज्या घरांत ही उशी शिवली जात होती, त्या घरांत बाळाला पाठीवर झोपवण्याची रीत मुरलेली होती.

पाश्चात्त्य देशांत हीच रीत मध्यंतरी सुटली होती. पाठीवर झोपलेले बाळ दूध उलटले तर गुदमरेल, या भीतीने विसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथील डॉक्टर व बालसंगोपनाची पुस्तके बाळाला पालथे झोपवण्याचा सल्ला देऊ लागली. वरवर निरोगी असलेले तान्हे बाळ झोपेतच दगावते आणि तपासातही कारण सापडत नाही, अशा घटनेला वैद्यकात आकस्मिक बालमृत्यू म्हणतात. पालथ्या झोपेशी त्याचा संबंध 1980 च्या दशकातील संशोधनातून स्पष्ट झाला. ब्रिटनमध्ये 1991 साली आणि अमेरिकेत 1994 साली बाळाला पाठीवर झोपवण्याची देशव्यापी मोहीम निघाली आणि पुढच्या काही वर्षांत अशा मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. उलटीची भीती का फोल ठरली, याचे उत्तर शरीररचनेत आहे: उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या अंगाला असते, त्यामुळे उलटलेले दूध खालच्या अन्ननलिकेकडेच ओघळते; बाळ पालथे असले की हा क्रम उलटा होतो.

अशा रीतीने आजीच्या रीतीतील अर्धा भाग, म्हणजे पाठीवरची झोप, शास्त्राने उचलून धरला. उरलेला अर्धा, म्हणजे उशी, मात्र सोडावा लागतो. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते आणि मानेचे स्नायू ते सावरण्याइतके बळकट नसतात. उशीने डोके उचलले गेले की हनुवटी छातीकडे झुकते आणि मऊ, अरुंद श्वासमार्ग दुमडतो. चेहरा कडेला वळून कापडात रुतला, तर सोडलेलीच हवा पुन्हा आत ओढली जाते, तिच्यातील कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि प्राणवायू घटतो. मोठा माणूस अशा वेळी झोपेतही मान फिरवतो. तान्ह्या बाळाला ते नेहमी साधत नाही. शिवण उसवून सांडलेले दाणे नाकातोंडात जाण्याचा धोका वेगळाच. म्हणून पहिल्या वर्षात बाळाचे अंथरूण सपाट, घट्ट आणि मोकळे हवे. त्यात उशी, लोड, जाड पांघरूण किंवा मऊ खेळणे नको, आणि बाळ आईबापांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या पाळण्यात असावे. सोफ्यावर बाळाला छातीशी घेऊन मोठ्या माणसाला डुलकी लागणे विशेष धोक्याचे आहे.

धुरीची गोष्ट याहून नाजूक आहे. न्हाऊ घातल्यावर सिगडीतील निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग आणि ऊद टाकून त्या धुरावर बाळाला धरावयाचे, म्हणजे सर्दी-पडसे होत नाही, अशी श्रद्धा होती. पूर्वीच्या वाड्यांत त्या धुराला बाहेर पडायला वाट तरी असे. बंद खोलीत मात्र निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा रंग-गंध नसलेला वायू साठतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मोठा माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, तर नवजात बाळ साधारण चाळीस ते साठ. त्यामुळे वजनाच्या मानाने बाळाच्या छातीत अधिक धूर जातो. धूर तान्ह्या जिवाचे काय करतो, हे विदर्भाने फार जवळून पाहिले आहे. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून दहा बाळे दगावली. त्यांपैकी सात धुराने गुदमरून गेल्याचे त्या वेळी सरकारकडून सांगण्यात आले. भंडारा नागपूरपासून जेमतेम साठ किलोमीटरवर आहे, आणि त्या घटनेनंतर कोवळ्या नाकाशी हौसेने धूर नेण्याचे समर्थन उरत नाही. स्नानाच्या वेळी नाकात तेलाचे थेंब सोडण्याची रीतही बंद व्हावी, कारण ते तेल फुप्फुसात उतरून तेथे सूज आणू शकते.

श्वास राखण्याचा धडा विदर्भाने जगालाही दिला आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. न्यूमोनिया झालेले बाळ भराभर श्वास घेते, परंतु गावातील अनेक सुइणींना साठपर्यंत मोजता येत नव्हते. त्यावर मिनिटभराची वाळूची घडी आणि मण्यांची ओळ असलेले साधे श्वासमापक तयार झाले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा, आणि वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजावयाचा. पुढे गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यदूतांनी जन्मतः न रडणाऱ्या, गुदमरलेल्या बाळांना श्वास देण्यासह घरोघरी नवजात बाळांची सेवा केली. 39 गावांतील या कामाने नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

हीच मोजणी परदेशातील आईलाही उपयोगी पडते. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांच्या आत साठ किंवा अधिक, त्यानंतर वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक श्वास भरल्यास, तसेच नाकपुड्या फुलत असल्यास, कण्हल्यासारखा आवाज येत असल्यास किंवा बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असल्यास, सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

उशीसाठी काढून ठेवलेल्या लुगड्याची दुपटी शिवून पिशवीत ठेवली आहेत, आणि आजीने दोरे घातलेली गोधडीही आहे. ती पाळण्यात घालण्यासाठी नाही. बाळ जागे असताना जमिनीवर अंथरून, शेजारी बसून, त्याला तिच्यावर थोडा थोडा वेळ पालथे ठेवावे. त्याने मान बळकट होते आणि डोक्याच्या मागच्या भागावरचा दाबही हलका होतो. आजीला मोहरीच्या उशीतून जे गोल डोके हवे होते, त्याची वाट तिच्याच गोधडीवरून जाते.

बाळास गोड पापा, जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी
मावशी