मातीला जाणें

आपल्या खेड्यापाड्यांत कोणी वारलें म्हणजे लोक 'मातीला' जातात. प्रेत चितेवर ठेवावयाचें असो अथवा खड्ड्यांत निजवावयाचें असो, "माती किती वाजतां?" हाच प्रश्न कानीं पडतो. ज्यांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या दहनच होत आलें, त्यांच्या तोंडींही अंत्यविधीला हाच शब्द असावा, याचें मला पुष्कळ दिवस नवल वाटत असे. आतां वाटतें, अग्नि हा केवळ वाटेवरचा मुक्काम, पोहोंचावयाचें गांव तें मातीच, हें ज्ञान त्या साध्या शब्दांत सांठवलेलें असावें.

अमेरिकेंतील एका नव्या कायद्याची हकीकत वाचतांना हा शब्द माझ्या मनांत पुनःपुन्हां येऊं लागला. त्या देशाच्या वायव्य टोंकास वॉशिंग्टन नांवाचें राज्य आहे. तेथील गव्हर्नर जे इन्स्ली यांनीं २१ मे २०१९ रोजीं एका विधेयकावर सही केली, आणि १ मे २०२० पासून मृतदेहाची माती करण्याची रीत तेथें कायदेशीर ठरली. असा कायदा करणारें तें अमेरिकेंतील पहिलेंच राज्य. पुढें कोलोरॅडो, ऑरेगॉन, व्हरमाँट, कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क अशीं एकामागून एक राज्यें त्याच वाटेनें गेलीं.

या उद्योगाच्या मुळाशीं कॅट्रिना स्पेड नांवाची एक बाई आहे. ती वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी असतांना, शेतकरी मेलेलीं गुरें लाकडाच्या भुशांत पुरून त्यांची माती करतात, ही गोष्ट तिच्या कानीं आली. आणि गुराला जें साधतें तें माणसाला कां साधूं नये, हा प्रश्न तिनें धरून ठेवला. २०१८ सालीं वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटींत लिन कार्पेंटर-बॉग्ज या मृत्तिकाशास्त्रज्ञ विदुषीच्या देखरेखीखालीं सहा दात्यांच्या देहांवर त्याचे प्रयोग झाले. रीत अशी : एका बंद पेटींत लाकडाच्या ढलप्या, लसूणघास आणि पेंढा यांच्या थरांत देह ठेवावयाचा व पेटींत हवा खेळती राखावयाची. पुढचें काम डोळ्यांना न दिसणारे जीव करतात. त्यांच्याच खटाटोपानें पेटींतील उष्णता ५५ अंशांच्या वर चढते, आणि ती तीन दिवस टिकली म्हणजे रोगजंतु उरत नाहींत. पांच-सात आठवड्यांनीं पेटी उघडतात, हाडें बारीक करून त्यांतच मिसळतात, आणि सर्व कांहीं आणखी कांहीं आठवडे मुरूं देतात. एका देहापासून सुमारें एक घनयार्ड माती होते. आप्तांनीं ती आपल्या बागेंत न्यावी, नाहीं तर एखाद्या राखीव रानाला द्यावी.

या रीतीचे पुरस्कर्ते लांकूड, जागा आणि धूर यांचा हिशेब मांडतात. प्रेतांत औषधी द्रव भरून तें काँक्रीटच्या पेटाऱ्यांत पुरण्याची चाल ज्या देशांत रूढ आहे, तेथें तो हिशेब खराच आहे. तथापि केवळ काटकसरीसाठीं कोणी आपल्या आईचा देह कोणाच्या स्वाधीन करील, असें मला वाटत नाहीं.

न्यू यॉर्कमधील कॅथॉलिक धर्मगुरूंनीं या कायद्याला विरोध केला, तो याच जागीं. भाजीपाल्याच्या साली-देठांना जी गति योग्य, ती माणसाच्या देहाला योग्य असेलच असें नाहीं, असें त्यांचें म्हणणें. ही शंका हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. पण कोणती गति देहाला शोभते, याचा निर्णय संवयच करीत असते, असें इतिहास सांगतो. आणि त्या इतिहासांत आमच्या महाराष्ट्राचाही एक अध्याय आहे. कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाहून परततांना ३० नोव्हेंबर १८७० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं वारले. वय अवघें विशींतलें. त्या शहरांत दहनाची मोकळीक नव्हती. अधिकाऱ्यांनीं खास परवानगी दिली, तेव्हां कोठें आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर चिता पेटली. आज त्या ठिकाणीं महाराजांचें स्मारक उभें आहे. आम्हांला जो विधि सनातन वाटतो, तो तेथें एका रात्रीपुरता परक्यांच्या औदार्यावर अवलंबून होता!

पुढें चौदा वर्षांनीं वेल्समध्यें विल्यम प्राइस नांवाच्या वृद्ध वैद्यानें आपल्या मृत बालकाला अग्नि देऊं पाहिला, म्हणून त्याच्यावर खटला झाला. लोकांना उपद्रव होत नसेल तर दहन हा गुन्हा नव्हे, असा निकाल न्यायमूर्ति स्टीफन यांनीं १८८४ सालीं कार्डिफ येथें दिला. १९०२ सालीं पार्लमेंटानें दहनाचा कायदा केला, आणि रोमच्या चर्चनें आपली बंदी सैल केली ती १९६३ सालीं. ज्यांच्या राजाला कधीं काळीं परक्याची परवानगी मागावी लागली, त्यांनीं आज दुसऱ्याच्या परवानगीच्या आड येऊं नये, हें उघड आहे. शिवाय आमच्याकडे तरी एकच रीत कोठें आहे? संन्याशाला समाधि देतात, तान्ह्या मुलाला पुरतात, लिंगायत बंधु भूमींतच विसांवतात, पारशी बांधव देह दोखम्यांत ठेवतात. कोणाच्याही मृताची यामुळें अप्रतिष्ठा झाली, असें आपण म्हणत नाहीं.

मग अप्रतिष्ठा होते ती कशानें? माझ्या मतें ती 'खत' या शब्दानें होते. इंग्लंडांत दहनाचा पुरस्कार करणारे सर हेन्री टॉम्सन यांनीं १८७४ सालीं आरोग्याबरोबर राखेच्या शेतीउपयोगाचाही हिशेब मांडला होता. हिशेब बरोबर असेल; पण असला हिशेब ऐकून कोणत्या शोकाकुल घराचें समाधान झालें असेल? खत ही कामाला आणलेली वस्तु आहे, तिला भाव असतो. मातीला आपण परत जातों. वॉशिंग्टनच्या कायद्यानें व्याख्या करतांना मानवी अवशेषांचें 'मातींत' रूपांतर असेच शब्द योजले, ही मला मोठी समजूतदारपणाची गोष्ट वाटते. कोलोरॅडोनें तर आणखी पुढें जाऊन ही माती विकण्यास मनाई केली, आणि माणसांच्या खाण्याचें पीक तींत काढूं नये असेंही बजावलें.

या शेवटच्या कलमापाशीं मात्र मी अडखळलों. माझ्या आईची राख सावडल्यावर आम्हीं ती नदींत सोडली नाहीं. शेताच्या बांधावर खड्डा करून तींत घातली व वर आंब्याचें रोप लावलें. पाण्याचा विटाळ टळावा म्हणून अनेक गांवीं हल्लीं असें करतात. त्या झाडाला आम्हीं 'आईचा आंबा' म्हणतों. दरसाल पहिली पाटी घरांतील सर्वांनीं मिळून खावयाची, असा आमचा नेम आहे, आणि त्या दिवशीं तिच्या स्वयंपाकाच्या, तिच्या रागाच्या, तिच्या हट्टाच्या गोष्टी निघतात. कोलोरॅडोचा नियम राखेला लागू नसेल; तरी त्याच्या भावनेनें पाहिलें तर आम्हीं अपराधीच. परंतु कोणी व्यापाऱ्यानें त्या आंब्यांचा भाव विचारला, तर मी त्याला बांधावर उभा राहूं देणार नाहीं. म्हणजे तो नियम करणाऱ्याचें आणि माझें मन एकच आहे. रेघ ओढण्याची जागा तेवढी निराळी.

म्हणून मला वाटतें, ज्याला ही रीत हवी असेल त्याला कायद्यानें ती मोकळी करून द्यावी, जिवंतपणीं स्पष्टपणें सांगितलेल्या इच्छेवांचून ती कोणावर लादूं नये, आणि देहाची किंमत कोठेंही करूं देऊं नये. एवढें संभाळलें तर उरलेलें आप्तांवर सोडण्यास हरकत नाहीं. मृताची प्रतिष्ठा अग्नींत नाहीं, थडग्यांत नाहीं, पेटींतही नाहीं. मागें राहिलेल्यांच्या ओंजळींत ती असते. त्या ओंजळींत राख असो वा माती असो, ती धरणारे हात थरथरले म्हणजे विधि पुरा झाला.