अडलेले काडतूस

माझे मामा सैन्यात आर्मरर होते. बोलताना अडखळतो म्हणून वक्तृत्व स्पर्धेतून मी नाव काढून घ्यायला निघालो, तेव्हा ते रागावले नाहीत. १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तुलाविषयी सांगू लागले. स्लाइडच्या धक्क्याने मॅगझिनमधले काडतूस पुढे सरकते, एका लहानशा चढणीवरून वर येते आणि चेंबरमध्ये शिरते. जुन्या हाय-पॉवरमध्ये त्या चढणीला उंचवटा असे. गोल नाकाच्या गोळ्या तो सहज ओलांडत. पोकळ तोंडाच्या मात्र पुष्कळदा अडत. "दोष ना पिस्तुलाचा, ना गोळीचा. वाटच दुसऱ्या आकारासाठी घडवलेली!" पुढच्या पिस्तुलांत ती चढण सरळ केली गेली.

त्या रात्री मी भाषणातले अडणारे शब्द बदलले. बक्षीस मिळाले नाही; भाषण मात्र पूर्ण झाले.