औषधदानाच्या पुढे

मांडवीतील आमच्या धान्याच्या पेढीवर बारा वर्षे हमाली करणाऱ्या एका माणसाला गेल्या चातुर्मासाच्या आरंभी क्षयरोग झाला. सरकारी दवाखान्यात औषधे विनामूल्य मिळतात. डाळी, गूळ आणि शेंगदाणे यांची सोय आम्ही केली. आहारदान आणि औषधदान दोन्ही घडले, याचे मनाला समाधान होते.

एके दिवशी तो सहज म्हणाला, “शेठ, गोळ्या वेळेवर घेतो, पण रात्री माळ्यावर जीव कोंडतो.”

तो माळा मी त्या दिवशी प्रथमच चढलो. जागा आमचीच. गोदामावरील त्या खोलीत सात जण झोपत, आणि तिची एकुलती एक खिडकी मालाच्या रक्षणासाठी आम्हीच फळ्या ठोकून बंद केलेली. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. वाहत्या हवेत ते विरळ होतात, उन्हात मरतात; कोंदट अंधारात मात्र एकाचा खोकला दुसऱ्याच्या छातीत उतरतो. माझ्या घरी सकाळचे ऊन देवघरापर्यंत येते.

याच मांडवीत १८९६ साली मुंबईचा प्लेग प्रथम आढळला. धान्याच्या वखारी, त्यांतले उंदीर आणि शेजारी माणसांनी खचाखच भरलेल्या चाळी! ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. मजुरांपैकी अनेकांना तेही शक्य नव्हते. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राची हवा वस्तीत खेळावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले गेले. परंतु पाडलेल्या घरांतील कित्येक गरीब दुसऱ्या दाट वस्तीत जाऊन राहिले. हवा आली, पण त्यांच्या वाट्याला आली नाही.

आम्ही फळ्या काढल्या, जाळी बसवली, पेढीमागची मालाची खोली तिघांना राहण्यास दिली. सर्वांची तपासणी करविली, तेव्हा आणखी एकाला रोग निघाला. तो त्याला आमच्याच छपराखाली जडला असावा, हे शल्य जात नाही.

क्षमापनेच्या दिवशी मी दोघांसमोर हात जोडले. जुना हमाल संकोचून म्हणाला, “असं काय करता शेठ? आता झोप लागते.”

चार दानांत अभयदान श्रेष्ठ मानले आहे. त्याचा आरंभ आपल्याच माळ्याच्या खिडकीपासून होतो, हे समजायला मला बारा वर्षे लागली.