सातच्या आकड्याजवळचा डाग

परवा पुतण्या पुण्याहून आला. जेवण झालं, शेवटच्या भाकरीबरोबर शेंगाचटणी संपली आणि यानं खिशातून फडक्याची एक पुरचुंडी काढून टेबलावर सोडली. आत चार घड्याळं! सगळी एचएमटीची. जनता, पायलट, कोहिनूर आणि कांचन.

"काका, यातलं कुठलं घ्यावं?"

मला वाटलं, विकत घ्यायचंय. पण प्रकरण वेगळंच निघालं. हा आणि याच्यासारखे चाळीसेक घड्याळवेडे मिळून स्वतःचं म्हणून एक घड्याळ करून घेणार आहेत. फक्त पन्नास नग, मागच्या झाकणावर प्रत्येकाचा क्रमांक, आणि डायलवर देवनागरी आकडे. असे उद्योग जगभर चालतात म्हणे. पानेराय या इटालियन कंपनीनं २०१० साली आपल्या चाहत्यांच्या मंडळासाठी असंच खास घड्याळ काढलं होतं. पण पन्नास नगांसाठी नवी केस आणि नवं मशीन कोण बनवणार? साचाच परवडत नाही. म्हणून तयार असलेलं एखादं घड्याळ पाया म्हणून घ्यायचं आणि फक्त डायल, काटे, पट्टा आपल्या मनासारखा करायचा. तो पाया कुठला, यावर यांची तीन महिने भांडणं चाललीत.

कांचन पहिल्याच फेरीत बाद झालं. चावी द्यावी न लागणारं, वार-तारीखवालं. आमच्या वेळी जावयाला द्यायचं घड्याळ ते! वार-तारखेच्या खिडकीनं तीनचा आकडा जातो, म्हणून नको. कोहिनूरला मतं पडली नाहीत. राहिली दोन. पायलट काळ्या डायलचं, रुबाबदार, तरुण मंडळींचं लाडकं. आणि जनता. पांढरं, साधं, जेमतेम ३५ मिलिमीटरचं. हल्लीच्या मनगटांना ते लहान वाटतं म्हणे. (मनगटं तेवढीच आहेत, नजर मोठी झाली असावी.) गंमत म्हणजे आतलं मशीन दोघांचंही सारखंच. चावीचं, १७ ज्वेलचं. १९६१ साली बंगलोरला जपानच्या सिटिझनच्या मदतीनं कारखाना निघाला, त्या घराण्यातलं.

मला विचारायला येण्याचं खरं कारण आकडे होतं. कुणीतरी संगणकावर डायल रेखाटलं होतं, आणि पाच, आठ, नऊ बघून याला काहीतरी खटकत होतं. मी बघितलं मात्र, कळलं. उत्तरेकडच्या जुन्या छापखान्यातलं वळण होतं ते. आपल्या बाळबोध वळणातला पाच वेगळा, आठ वेगळा. हे पुस्तकात चालून जाईल एकवेळ, पण मनगटावर रोज बघायचं तर आपलंच वळण हवं की! मी पाटी शोधली, नाही सापडली, मग कॅलेंडरच्या पाठीमागे बाराही आकडे मोठे काढून दिले. निवृत्तीनंतर इतका खूश मी क्वचितच झालो असेन.

मग मी सहज विचारलं, "पण बाबा, कंपनी तर बंद झाली. मशीन कुठून आणणार?"

एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय केंद्र सरकारनं २०१६ साली घेतला. म्हणजे जुनी घड्याळंच गोळा करायची. पुतण्या म्हणाला, जुनी जनता अजून भरपूर मिळतात. डायल खरवडायचं, पुन्हा रंगवायचं, वर नवे आकडे छापायचे. बाजारात हे कधीपासूनच चालतं. निळ्या, गुलाबी, केशरी डायलची जी एचएमटी विकायला दिसतात, त्यातली कित्येक कंपनीनं तशी कधी काढलीच नव्हती. आत एकाचं मशीन, वर दुसऱ्याची केस, डायल कालपरवा रंगवलेलं.

"नमुन्याचं पहिलं मात्र घरचंच करतोय," असं म्हणून त्यानं टेबलावरचं जनता माझ्यापुढे सरकवलं. "बाबांचं. तसंही डायल डागाळलेलंच आहे."

मी ते उचललं. सातच्या आकड्याजवळ गंजासारखा तपकिरी डाग. तेव्हा कळलं, हे अण्णांचं घड्याळ.

अण्णा गिरणीत होते. गिरणीच्या माणसाला घड्याळ कशाला, भोंगा होताच. सगळी पेठ भोंग्यावर उठायची नि भोंग्यावर जेवायची. तरी त्यांनी नंबर लावून १९७१ साली हे घेतलं. एचएमटी तेव्हा दुकानात जाऊन लगेच मिळत नसे. १९७३ला माझी बीएची परीक्षा आली, तेव्हा स्वतःच्या हातचं काढून माझ्या हातात घातलं. "पेपरात वेळ बघत जा," एवढंच म्हणाले. शेवटचा पेपर झाला आणि आम्ही मित्र पंढरपूरला गेलो. चंद्रभागेत मी घड्याळासकट बुडी मारली! काचेच्या आत पाणी, पाण्यात काटे. दोन दिवस उन्हात ठेवून ते चालू झालं, पण डाग राहिला. अण्णांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "विठोबाचं तीर्थ पिऊन आलंय की." पुन्हा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. तसंच घालून ते निवृत्त झाले.

हे मी पुतण्याला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. तो गप्प बसला, मग म्हणाला, "काका, पण बाबा गेल्यापासून ते कपाटात बंद पडून आहे. डाग जपून ठेवायचा आणि घड्याळ मरू द्यायचं, हे बरोबर आहे का?"

मला उत्तर सुचेना. खरंच सुचेना.

दुसऱ्या दिवशी दोघं नवी पेठेत एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं. "तेल वाळलंय. बाकी मशीन ठणठणीत." डायलचं विचारलं तर त्यानं मशीनच्या कडेचे दोन बारीक स्क्रू दाखवले. ते सैल केले की डायल अख्खं उचलून येतं. खरवडायची गरजच नाही! नवा पत्रा कापून दुसरं डायल करा आणि हे बाजूला ठेवा.

पुतण्या परतताना म्हणाला, मंडळींपुढे हेच ठेवतो. पाया जनताच, पण एकही जुनं डायल खरवडायचं नाही, नवं करायचं, आणि जुनं ज्याच्या त्याच्या डबीत द्यायचं. खर्च वाढेल. पायलटवाले कुरकुरतील. रविवारी मतदान आहे.

तोवर घड्याळ माझ्याकडे. तेलपाणी झालंय, रोज सकाळी चहाच्या आधी चावी देतो. दिवसाला चारेक मिनिटं मागं पडतं. काल पुतण्याचा निरोप आला, पाचाचं पोट जरा मोठं झालंय, बाराही आकडे पुन्हा काढून पाठवा. आता जरा बारीक टाकाचं पेन शोधायला हवं.