रिकाम्या शंखांचा प्रश्न

हौसेने पाळलेल्या माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत हर्मिट क्रॅब सोडले जातात ते सफाई कामगार म्हणून. शेवाळ, उरलेलं खाद्य, मेलेला मासा, काहीही ते फस्त करतात. म्हणून त्यांच्या पोटाचीच चिंता केली जाते. माझ्या मते खरी अडचण पोटाची नाही, घराची आहे. या खेकड्याचं पोट मऊ आणि एका बाजूला वळलेलं. कवच फक्त पुढच्या भागाला. मागचा भाग झाकायला मेलेल्या गोगलगायीचा शंख लागतो, आणि कात टाकून वाढला की त्याहून मोठा. समुद्रात गोगलगायी मरत राहतात, शंख मोकळे होतात. एकाने मोठा शंख घेतला की त्याचा जुना दुसऱ्याला मिळतो. कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या डबक्यांत हा व्यवहार अखंड चालतो. टाकीत मात्र घरांचा पुरवठाच बंद. मग शेजारची जिवंत गोगलगाय मारली जाते, किंवा दुसऱ्या खेकड्याला ओढून बाहेर काढलं जातं.

कुणी म्हणेल, हे तर निसर्गातही घडतं. घडतं, पण तिथे हरलेल्याला पळायला किनारा असतो. म्हणून टाकीत रिकामे शंख ठेवायला हवेत. त्यावर दुसरा आक्षेप खर्चाचा. तो तर फारच लंगडा, कारण वेगवेगळ्या मापांचे, वेगवेगळ्या तोंडांचे, न रंगवलेले मूठभर शंख हे या छंदातल्या पंप-दिव्यांपुढे किरकोळच. शिवाय टाकीतले जवळपास सगळे खेकडे समुद्रातूनच पकडून आणलेले असतात. घर हिरावलं आपण, तेव्हा ते पुरवणं ही मेहेरबानी ठरत नाही.