लोडवर

बेकेलाइट तापल्याचा वास मी झोपेतही ओळखीन. थोडा मासळीसारखा, थोडा करपलेल्या साखरेसारखा, नाकातून शिरून घशापाशी बसणारा. गेल्या महिन्यात एका बुधवारी रात्री साडेदहाच्या सुमारास तो आमच्या बाहेरच्या खोलीतून आला. हातातलं पातेलं ओट्यावर टाकून मी धावले. भिंतीवरच्या बोर्डापाशी पोचले तेव्हा लक्षात आलं, माझा उजवा हात आपोआप उलटा झालाय. बोटांची पाठ बोर्डाकडे.

ही सवय अण्णांची, माझ्या वडिलांची. विजेच्या कुठल्याही वस्तूला ते तळहात लावत नसत. मोटर असो, पॅनेलचं दार असो की घरातला मिक्सर, आधी बोटांची पाठ. शॉक बसला तर स्नायू आवळतात. तळहात असेल तर मूठ त्या वस्तूवरच मिटते, हाताची पाठ असेल तर हात आपल्याकडे ओढला जातो. हे कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. तोवर मला वाटायचं, हा माणूस वस्तूंना ताप आलाय का ते बघतो.

बोर्ड चांगलाच तापला होता. खुर्चीत लेक काळ्या पडद्यापुढे बसलेला. "मम्मी, परत गेला," एवढंच म्हणाला.

परत गेला म्हणजे कॉम्प्युटर. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून तो घरी जोडला होता. प्रोसेसर बसवताना दोघांनीही श्वास धरलेला मला आठवतो. एरवी तो उत्तम चालायचा. अभ्यास, सिनेमा, साधे खेळ, कशालाच तक्रार नव्हती. पण एखादा जड गेम लावला की वीसेक मिनिटांत पडदा काळा, पंखे बंद, आणि क्षणभरानं आपला आपणच पुन्हा सुरू. निळा पडदा नाही, कसला संदेश नाही. विंडोजच्या नोंदीत एकच ओळ सापडायची, कर्नल-पॉवर ४१. तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं. ते तर आम्हालाही दिसत होतं.

तीन आठवडे आम्ही त्या पेटीच्या आत शोधत होतो. प्रोसेसरची पेस्ट पुसून नव्यानं लावली. प्रोसेसर ७८ अंशांवर, ग्राफिक्स कार्ड ७४ वर, म्हणजे गरमीचा प्रश्न नव्हता. मेमरीचा वाढवलेला वेग काढून टाकला आणि रात्रभर मेमरी तपासणी चालू ठेवली. सकाळी एकही चूक नाही. कार्डाला एकाच केबलच्या दोन तोंडांतून वीज जात होती, तिथे दोन स्वतंत्र केबली लावल्या. आठ पिनांच्या एका जोडाकडून दीडशे वॉटची अपेक्षा असते आणि आजकालची कार्डं हजारांश सेकंदापुरती आपल्या ठरल्या भुकेच्या दुप्पट घास घेतात, हे लेकानंच मला समजावलं. शेजारच्या मुलाचा साडेसातशे वॉटचा एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारा डबा, मागून आणला. तोही तसाच. फक्त प्रोसेसरला राबवलं तर तासभर तग. फक्त कार्डाला राबवलं तर चाळीस मिनिटं. दोघांना एकदम जुंपलं की सहा मिनिटांत अंधार.

मी चाकणला वायरिंग हार्नेसच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. मोटारीच्या अंगभर फिरणारं ते वायरींचं जाळं, त्याची शेकडो टोकं, प्रत्येक टोकाला दाबून बसवलेलं टर्मिनल. त्या दाबलेल्या जोडाला क्रिंप म्हणतात. क्रिंप नुसता डोळ्यांनी पास करत नाहीत. त्यातून ठरलेला करंट सोडायचा आणि जोडावर किती मिलिव्होल्ट पडतात ते मोजायचं. करंट नसताना वाईटातला वाईट जोडही चांगल्यासारखाच दिसतो. हे मी रोज आठ तास करते, नव्या पोरांना शिकवते. आणि घरी तीन आठवडे मला भिंत दिसली नाही, याची टोचणी अजून गेलेली नाही.

अण्णांनी पहिल्या दिवशी विचारलं असतं, "लोडवर बघितलंस का?"

भोसरीच्या एमआयडीसीत एका कंपनीत ते मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन होते. खिशात टेस्टर, पिशवीत मीटर, पण विश्वास टेस्ट लॅम्पवर. होल्डर, दोन वायरी आणि दोनशे वॉटचा बल्ब. मीटर जेमतेम करंट ओढतो. त्यामुळे एका तारेच्या धाग्यावर लटकलेला जोडही त्याला दोनशे तीस व्होल्ट दाखवतो. बल्ब खरोखरची वीज मागतो. जोड कच्चा असेल तर बल्ब पिवळा पडतो, फडफडतो. अण्णा बल्बाकडे बघत उभे असत तेव्हा मागून कुणी हाक मारली तरी त्यांना ऐकू येत नसे.

त्यांचं एक उभं राहणं मात्र माझ्या मनातून जात नाही. २००६ साल. राज्यभर लोडशेडिंग चाललं होतं आणि पुणे परिसरात तेव्हा एक वेगळीच व्यवस्था उभी राहिली. तूट होती सुमारे ९० मेगावॅटची. भारतीय उद्योग महासंघाच्या पुढाकारानं इथल्या कारखान्यांनी, मागणी चढेल त्या तासांत आपापले डिझेल जनरेटर चालवायचे ठरवलं. ते ग्रिडमधून जेवढी वीज कमी घेतील तेवढी शहरातल्या घरांना मिळायची आणि डिझेलच्या जादा खर्चासाठी ग्राहकांच्या बिलावर थोडा आकार लागायचा. नियामक आयोगानं त्याला मंजुरी दिली. पुढे ते पुणे मॉडेल म्हणून ओळखलं गेलं. आमच्यासाठी त्याचा अर्थ इतकाच होता की अण्णांच्या अंगाला डिझेलचा वास येऊ लागला. त्यांच्या कंपनीतला जनरेटर सुरू करणं, लोड त्याच्यावर घेणं, परत ग्रिडवर सोडणं, हे त्यांच्याकडे होतं.

त्यातली एक रात्र. सेकंड शिफ्ट सुटून ते आले, सायकल लावल्याचा आवाज मी ऐकला, पण पायऱ्यांवर पावलं वाजली नाहीत. मी गॅलरीतून वाकून पाहिलं. खाली कंपाउंडमध्ये डब्याची पिशवी हातात धरून ते आमच्या इमारतीच्या उजळलेल्या खिडक्या बघत उभे होते. एकेक मजला. आमच्या यमुनानगरची सगळी लाइन उजळलेली. मला वाटलं, हे आपलं काम बघतायत. वर आले तेव्हा मी तसं म्हणालेही. ते बूट काढता काढता म्हणाले, "गावाला आत्ता लाइट नसंल."

गाव पाटण तालुक्यात. कोयनेच्या जवळ. कोयनेची सगळी वीजघरं मिळून १९६० मेगावॅट होतात आणि तिचं खरं मोल संध्याकाळी कळतं. राज्याची मागणी एकदम उसळली की पाणी सोडून काही मिनिटांत तो भार उचलायचा, हे काम तिचं. औष्णिक केंद्रांना इतक्या चटकन उठता येत नाही. त्याच खोऱ्यात काका कंदील पुसत बसलेले असायचे. अण्णांनी यावर कधी भाषण केलं नाही. फक्त त्या दिवसांत घरात कुणी पंखा चालू ठेवून खोलीबाहेर गेलं तर ते उठून बंद करत आणि कुणाला काही बोलत नसत.

मध्येच एक आठवलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००७ मध्ये, टाटांचा पुण्यात उभा राहिलेला 'एक' हा महासंगणक जगाच्या यादीत चौथा आला. आशियात पहिला. वेग ११७.९ टेराफ्लॉप. मी तेव्हा इंजिनियरिंगला होते, आम्ही मुली कॅन्टीनमध्ये त्यावर तासभर बोललो होतो. ती यादी लावताना कागदावरची ताकद मोजत नाहीत, हे मला पुढे कळलं. लिनपॅक नावाचा एक गणिती प्रश्न देतात, समीकरणांचा प्रचंड संच, आणि हजारो प्रोसेसर एकाच वेळी राबत असताना प्रत्यक्षात काय निघतं तो आकडा धरतात. घरी येऊन मी हे अण्णांना सांगितलं असतं तर त्यांनी पहिला प्रश्न केबलींचा विचारला असता. सांगायचं राहून गेलं, कारण तेव्हा घरात कुणी फारसं बोलत नव्हतं.

त्याला कारण एक मेमो. कंपनीतल्या मुख्य पॅनेलमध्ये एका केबलच्या लगचा बोल्ट सैल पडत होता. जनरेटरवर आणि परत ग्रिडवर रोज लोड फिरवताना तांबं तापायचं, निवायचं, फुगायचं, आकसायचं. अण्णांनी लॉगबुकात तीनदा लिहिलं होतं, 'लग गरम. शटडाउन घेऊन आवळणे.' शटडाउन मिळाला नाही. चौथ्या आठवड्यात लग जळाला, लाइन पाच तास थांबली, आणि मेमो आला तो अण्णांच्या नावानं. निष्काळजीपणा. लॉगबुक कुणी उघडलं नाही. अण्णांनी ते दाखवायचा हट्टही धरला नाही. तो कागद त्यांनी घडी घालून कपाटात ठेवला, तो अजून आहे. ज्यानं सही केली तो माणूस मला कधी भेटलेला नाही. पण त्या सहीचा वळसा मी आजही काढून दाखवू शकते. इतक्या वर्षांत माझा राग एका मिलिव्होल्टनंही उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटत नाही.

तर तो बुधवार. वास आल्यावर मेन बंद केला आणि सकाळची वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी गुरुवार. विजेचा भार आठवडाभर वाटला जावा म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळ्या वारी सुट्ट्या लावून दिल्या होत्या, त्यात आमच्या पट्ट्याला गुरुवार आला. बाकी जगाचा रविवार असताना आमच्या घराचा सण गुरुवारी असायचा. मटणही गुरुवारी. आता माझा गुरुवार कामाचा असतो, म्हणून मी रजा टाकली, माळ्यावरून अण्णांची पिशवी काढली. ते जाऊन चार वर्षं झाली, पिशवीला अजून डिझेलचा, रबराचा वास आहे. टेस्ट लॅम्पचा बल्ब शाबूत होता.

मेन चालू करून आधी मीटर लावला. दोनशे बत्तीस व्होल्ट. मग लॅम्प. बल्ब पेटला, पिवळा पडला, पुन्हा पेटला. बोर्डावर लाकडी मुठीनं हलकेच टिचकी मारली की फडफडायचा. लेक बघतच राहिला. मी त्याला तिथेच जमिनीवर बसून सांगितलं. एसएमपीएसच्या आत साठलेली वीज, भिंतीतला पुरवठा तुटला तरी, पूर्ण लोडवर साधारण सोळा-सतरा मिलिसेकंद यंत्राला जगवते. आपल्या विजेचा एक फेरा वीस मिलिसेकंदांचा. म्हणजे एक फेरासुद्धा नाही. यंत्र निवांत असेल तर तीच साठवण बराच वेळ पुरते, म्हणून जोडाचे झटके एरवी पचून जायचे. लोड आला की जोडही तापायचा आणि साठवणही आखडायची. करंट जेमतेम दोन अँपिअर. ओव्हरलोड नव्हताच.

मेन बंद करून बोर्ड उघडला. न्यूट्रलचा स्क्रू दीड आटा फिरला, इतका सैल. तारेचं टोक काळं, वरचं आवरण ठिसूळ. ही जोडणी अण्णांच्या हातची, घर घेतलं तेव्हाची. मी काहीतरी म्हणणार होते, तेवढ्यात सनमायकाच्या आतल्या बाजूला पेन्सिल दिसली. त्यांचं ते तिरकं, कंपनीच्या टॅगवर लिहितात तसं अक्षर. 'टीव्ही, पंखा. इस्त्री नको. १२/५/९४.'

लेकानं ते मोठ्यानं वाचलं. आतल्या खोलीतून आई बाहेर आली, चष्मा लावून तिनंही वाचलं आणि पलंगाच्या कडेला बसली.

"मी इथंच करायचे इस्त्री," ती म्हणाली. "ते सेकंडला गेले की. स्वयंपाकघरातल्या पॉइंटला केली तर त्यांच्या ड्रेसला फोडणीचा वास लागायचा."

"अण्णांना माहीत होतं?"

"मला कधी बोलले नाहीत." तिनं बोर्डाच्या उघड्या पोटाकडे पाहिलं. "दर दिवाळीला, साफसफाई झाली की, हा बोर्ड उघडून स्क्रू आवळत बसायचे. मी म्हणायचे, चांगला चालतोय की."

मी पिशवीतून त्यांचा स्क्रू ड्रायव्हर काढला. आई मनाशी हिशोब करत होती.

"चार दिवाळ्या झाल्या," ती म्हणाली.